डाव्या हाताचा अपराध

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझ्या नातीने मला एक विनंती केली. ती बारा वर्षांची आहे. शाळेच्या व्हॉलीबॉलच्या संघात तिची नुकतीच निवड झाली होती. आणि बाकी सारे ठीक असले तरी तिची सर्व्हिस काही केल्या जाळीपलीकडे जात नव्हती. "आजोबा, तुम्ही लहानपणी खेळत होतात ना? मग मला सर्व्हिस शिकवा की!" ती म्हणाली. साठी उलटलेल्या गृहस्थाला त्याच्या तरुणपणच्या पराक्रमाविषयी कोणी आपण होऊन विचारावे, याहून मोठे सुख संसारात थोडेच असेल! मी हातातले वर्तमानपत्र तत्काळ बाजूला ठेवले आणि घरामागच्या मोकळ्या जागेत गेलो. आंब्याच्या खोडापासून कुंपणाच्या खांबापर्यंत आम्ही एक दोरी बांधली. तिच्यापासून नऊ मीटर अंतर पावलांनी मोजले. नात एका बाजूला मोठ्या भक्तिभावाने उभी राहिली, आणि मी चेंडू उडवून जोराने हात चालवला.

चेंडू दोरीच्या चांगला हातभर खालून गेला.

"वारा फार आहे," मी म्हणालो.

नातीने मान वर करून आंब्याकडे पाहिले. झाडाचे एक पान हलत नव्हते. ती काही बोलली नाही. हल्लीची मुले आपण समजतो त्याहून समजूतदार असतात. पण तिच्या त्या मुकाट पाहण्याने मी मनातून ओशाळलो. 'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण मला लागू पडली, एवढेच त्याचे कारण नव्हते. वाऱ्याची हीच सबब मी पूर्वी एकदा सांगितली होती. तीही अशाच एका चेंडूसाठी, आणि असेच कोणी वर मान करून पाहिले होते. त्या वेळी मी सहीसलामत सुटलो. माझ्या सुटकेची किंमत मात्र दुसऱ्याच एका मुलाने भरली. तीच हकीकत आज सांगावयाची आहे.

ज्या वाचकांचा या खेळाशी परिचय नसेल त्यांच्यासाठी आधी थोडे सांगितले पाहिजे. व्हॉलीबॉल हा मोठा परावलंबी खेळ आहे. त्यात चेंडू धरून ठेवता येत नाही, घेऊन पळता येत नाही. दुसऱ्याने तो बरावाईट जसा पाठवला असेल तसा पत्करावा लागतो आणि क्षणार्धात पुढे धाडावा लागतो. जाळीवर उडी मारून जो जोरकस फटका हाणतो, त्याचे यश चेंडू उचलून देणाऱ्याच्या बोटांवर अवलंबून असते. उचलून देणाऱ्याचे यश, मागे वाकून पहिला चेंडू घेणाऱ्याच्या बाहूंवर. एखाद्या एकत्र कुटुंबासारखाच हा प्रकार आहे. यश सर्वांचे असते. अपयश मात्र ज्याच्या हातून शेवटी भांडे फुटले त्याच्या एकट्याच्या पदरी पडते. ते आधी काठावर कोणी ठेवले होते, याची चौकशी कोणी करीत नाही.

या परावलंबनाला अपवाद एकच, आणि तो म्हणजे सर्व्हिस. पंचांची शिटी वाजते. खेळाडूच्या हाती आठ सेकंद असतात. २६० ते २८० ग्रॅम वजनाचा तो चेंडू त्याच्या स्वतःच्या तळहातावर स्थिर बसलेला असतो. प्रतिपक्षाचा कोणी जवळ नाही, स्वपक्षाचा कोणी मदतीला नाही. नऊ मीटरवर पुरुषांच्या खेळात २.४३ मीटर आणि स्त्रियांच्या खेळात २.२४ मीटर उंचीची जाळी आहे, आणि पलीकडे नऊ मीटर लांब व नऊ मीटर रुंद असे मोकळे अंगण आहे. त्या अंगणात चेंडू टाकायचा, इतकेच काम. साऱ्या खेळात इतके स्वतंत्र दुसरे कृत्य नाही. आणि म्हणूनच, त्यात चूक झाली तर ती दुसऱ्या कोणाच्या माथी मारण्याची सोय नाही.

मौज अशी की, या खेळाच्या जनकाने सर्व्हिस करणाऱ्याला इतके एकाकी केले नव्हते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील होल्योक या गावी, यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या व्यायामशाळेचे प्रमुख विल्यम मॉर्गन यांनी १८९५ साली हा खेळ सुरू केला. बास्केटबॉल चार वर्षांपूर्वीच निघाला होता, पण त्यातली धावपळ तेथे येणाऱ्या प्रौढ व्यापारी मंडळींना झेपेना. त्यांना बेताचा व्यायाम व्हावा आणि धक्काबुक्की मुळीच होऊ नये, अशा हेतूने मॉर्गनसाहेबांनी मध्ये जाळी बांधली. खेळाला त्यांनी प्रथम 'मिन्टोनेट' असे नाव दिले होते. दुसऱ्या वर्षी स्प्रिंगफील्ड येथे प्रात्यक्षिक झाले तेव्हा त्याचे आजचे नाव पडले. त्या मूळ नियमांत सर्व्हिस करणाऱ्याला मोठी दया दाखवलेली होती. पहिली सर्व्हिस चुकली तर टेनिसप्रमाणे दुसरी संधी मिळे. शिवाय चेंडू जाळीत अडकेल असे दिसले, तर स्वपक्षाच्या एखाद्या गड्याने मध्येच हात लावून तो पलीकडे ढकलला तरी चाले. पुढे खेळ जसजसा प्रौढ झाला तसतशा या दोन्ही सवलती गेल्या. दुसरी संधी नाही आणि मित्राचा हातही नाही, अशी आजची स्थिती आहे.

आमच्या कृष्णाकाठच्या गावात हा खेळ सैन्यातून आला. फौजेतून निवृत्त होऊन आलेले एक सुभेदार नदीकाठच्या माळावर रोज सायंकाळी फक्कीने रेघा आखीत, दोन लोखंडी खांबांना जाळी ताणून बांधीत आणि गावची पोरे जमवीत. आम्ही सारे त्यांना सुभेदारसाहेब म्हणत असू. त्यांच्या शिकवण्याची तऱ्हा विलक्षण होती. खालून हात फिरवून चेंडू पलीकडे टाकण्याची साधी सर्व्हिस सर्वांना येऊ लागली, तेव्हा डोक्यावरून मारण्याची, जिला आम्ही टेनिस सर्व्हिस म्हणत असू, ती शिकवा म्हणून आम्ही त्यांच्यामागे लागलो. त्यांनी कबूल केले. पण पहिले आठ दिवस त्यांनी आम्हांला चेंडू मारूच दिला नाही! डावा पाय पुढे ठेवून उभे राहायचे, डाव्या हाताने चेंडू वर उडवायचा आणि तो खाली पडू द्यायचा. पुन्हा उचलायचा, पुन्हा उडवायचा. उजव्या खांद्याच्या रेषेत, पावलापासून थोडे पुढे, ते जमिनीवर एक चिंचोका ठेवीत. चेंडू बरोबर त्या चिंचोक्यावर पडला पाहिजे, असा त्यांचा हुकूम असे.

"पोरांनो, चेंडू डाव्या हातानं जातोय," ते म्हणत. "उजवा नुसता निरोप पोचवतोय."

आम्हांला हे सारे हास्यास्पद वाटे. पराक्रम करायचा तो उजव्या हाताने, आणि हे गृहस्थ डाव्याचे कौतुक करीत बसले आहेत! त्यांची पाठ वळली रे वळली की, आम्ही चिंचोके खिशात टाकून धडाधड चेंडू हाणू लागत असू. माझा उजवा हात तेव्हा चांगला दणकट होता. दहांतल्या सात-आठ सर्व्हिस पलीकडे जात, आणि त्यांतल्या दोन-तीन अशा सणसणीत जात की, काठावर बसलेली मंडळी वाहवा करीत. राहिलेल्या दोन-तीन जाळीत का जातात, याचा विचार मी केला नाही. वाहवा मिळत असताना माणूस सहसा विचार करीत नाही. मी संघाचा कप्तान झालो.

आमच्या संघात टपालमास्तरांचा मुलगा होता. त्याला सारे 'टपाल' म्हणत. तो माझा जिवलग मित्र. अंगाने किरकोळ, स्वभावाने अबोल. त्याची जागा मागच्या ओळीत डावीकडे असे. प्रतिपक्षाचा चेंडू दोन्ही बाहू जोडून झेलायचा आणि अलगद पुढे द्यायचा, हे त्याचे काम. या कामाला टाळ्या मिळत नाहीत.

१९७९ च्या डिसेंबरात तालुक्याच्या सामन्यांत आम्ही अंतिम फेरीला पोचलो. शेजारच्या गावाशी गाठ होती. एकेक डाव दोघांनी जिंकला आणि तिसऱ्या डावात आमचे चौदा व त्यांचे बारा गुण झाले. सर्व्हिस आमची होती, आणि ती करण्याची पाळी माझी होती. त्या काळची गुणपद्धती आजच्या वाचकांस ठाऊक नसेल. तेव्हा डाव पंधरा गुणांचा असे, आणि ज्याची सर्व्हिस असेल त्यालाच गुण मिळे. सर्व्हिस करणाऱ्याने चूक केली तर प्रतिपक्षाच्या खात्यात गुण पडत नसे. फक्त सर्व्हिस त्यांच्याकडे जाई. हा बारकावा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे कितीतरी वर्षे मी त्याच्या आडोशाला राहिलो आहे.

एक गुण मिळाला की ढाल आमची. मैदानाभोवती गाव लोटला होता. मी उजव्या कोपऱ्यात गेलो; तेव्हा सर्व्हिस त्या कोपऱ्यातील तीन मीटरच्या पट्ट्यातूनच करावी लागे. शिटी वाजली. मी चेंडू उडवला, असे म्हणण्यापेक्षा तो हातातून निसटला असे म्हणणे अधिक खरे होईल, आणि होता नव्हता तेवढा जोर एकवटून मारला. तो जाळीच्या ऐन पोटात गेला. जाळीला चाटून पलीकडे पडलेली सर्व्हिस त्या वेळी बाद धरत. या शतकाच्या आरंभापासून ती ग्राह्य मानू लागले आहेत. नियमांनी पुढे अशी थोडीबहुत दया दाखवली खरी, पण जाळीच्या पोटात चेंडू घालणाऱ्यावर कोणत्याच काळात कोणी दया केलेली नाही.

सर्व्हिस त्यांच्याकडे गेली. त्यांच्या एका उंच मुलाने एकामागून एक चार गुण घेतले. पहिल्या दोन वेळा आमचे फटके बाहेर गेले, तिसऱ्या वेळी आमच्यांत गोंधळ झाला, आणि चौथ्या वेळी त्याची सर्व्हिस सरळ टपालच्या अंगावर आली. ती त्याच्या बाहूंवर आदळून तिरपी उडाली आणि थेट कुंपणापलीकडे गेली. चौदा विरुद्ध सोळा. सामना संपला.

शेवटी भांडे ज्याच्या हातून फुटले तो टपाल होता. 'साधा चेंडू घेता आला नाही!' हे वाक्य त्या सायंकाळी मी निदान वीस तोंडांतून ऐकले. माझ्या सर्व्हिसविषयी एकट्या सुभेदारसाहेबांनी विचारले. "काय झालं रे?" एवढेच ते म्हणाले. मी म्हणालो, "वारा फार होता, साहेब." त्यांनी मान वर करून मंडपाच्या पताकांकडे पाहिले. पताका निर्जीवपणे लोंबत होत्या. ते पुढे काही बोलले नाहीत.

टपालविषयी लोक बोलत होते तेव्हा मी तेथेच उभा होतो. 'सामना माझ्या हातात होता, तो मी घालवला,' असे एक वाक्य मला बोलता आले असते. ते मी बोललो नाही. उलट मनातल्या मनात मी हिशेब केला की, माझ्या चुकीने प्रतिपक्षाला एकही गुण मिळालेला नाही. नियमच तसा आहे. हिशेब बिनचूक होता. स्वतःला निर्दोष ठरवण्यासाठी माणूस जे हिशेब करतो ते बहुधा बिनचूकच असतात. पुढल्या हंगामात टपाल संघात नव्हता. त्याने खेळ सोडला असे सारे म्हणत, आणि मीही तेच म्हणत असे.

त्यानंतर शिक्षण, नोकरी, बदल्या, संसार या नेहमीच्या वाटेने दिवस गेले. टपालचे कुटुंबही गाव सोडून गेले होते. १९८६ साली सोल येथील आशियाई क्रीडासामन्यांत भारताच्या पुरुष संघाने व्हॉलीबॉलचे कांस्यपदक मिळवले. जिमी जॉर्ज त्या संघात होता. १९६२ साली जाकार्ता येथे मिळालेल्या रौप्यपदकानंतर या सामन्यांत आपल्याला मिळालेले हे पहिलेच पदक. त्या आठवड्यात मला एक पोस्टकार्ड आले. "आपल्या लोकांना कांस्यपदक मिळालं. वाचलंस ना?" खाली टपालची सही. खेळ सोडलेल्या माणसाचे हे पत्र नव्हे, हे मला तेव्हाही जाणवले. मी उत्तर पाठवले, त्यात हवापाण्याचे लिहिले, घरच्या मंडळींची खुशाली लिहिली. जे लिहायला हवे होते त्यासाठी पोस्टकार्डात जागा नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. पाहा, सबब कोठेही सापडते. कधी वाऱ्यात, तर कधी कार्डाच्या आकारात.

गेल्या शतकाच्या अगदी अखेरीस त्या खेळाची गुणपद्धती बदलली. आता सर्व्हिस कोणाचीही असो, प्रत्येक चेंडूला कोणाला तरी गुण मिळतोच. डाव पंचवीसांचा झाला आहे. पाचवा डाव झालाच तर तेवढा पंधराचा. म्हणजे आता सर्व्हिस जाळीत घातली की, तत्क्षणी प्रतिपक्षाच्या खात्यात एक गुण लिहिला जातो. ही बातमी वाचली तेव्हा मला उगाचच कोणीतरी माझ्याविषयी काही बोलल्यासारखे वाटले, आणि मी वर्तमानपत्राचे पान उलटले.

अशा स्थितीत माझी नात मला सर्व्हिस शिकवायला सांगत होती!

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा दोरीसमोर उभा राहिलो. दहांतल्या सहा चेंडूंनी मला दगा दिला. मी उजव्या हाताला दोष देऊ लागलो. खांदा आखडला आहे, कोपर वर जात नाही, मनगटात पूर्वीची ताकद नाही. तिसऱ्या दिवशी मी खांद्याला तेल लावून आलो. चौथ्या दिवशी नातीने आपल्या आईचा मोबाइल आणला आणि माझी सर्व्हिस चित्रित केली. हल्ली त्या यंत्रात हालचाल अतिशय सावकाश करून पाहता येते. आम्ही दोघे आंब्याखाली बसून तो चित्रपट पाहू लागलो. पडद्यावर एक स्थूल गृहस्थ फार गंभीर मुद्रेने उभा होता. त्याचा उजवा हात मागे गेला, कोपर खांद्याच्या वर आले, सारे कसे यथास्थित! आणि तेवढ्यात नात म्हणाली, "आजोबा, तुमचा डावा हात बघा."

डावा हात चेंडू वर उडवीत नव्हता. तो चेंडूला पुढे हिसका देत होता. घाई झाल्यासारखा, अंगावरची बला टाकावी तसा. चेंडू वर जायच्या ऐवजी बुटका आणि लांब जाई. उजवा हात बिचारा त्याच्या मागे धावे, आणि तो खाली येऊ लागल्यावर, खांद्याच्या पुढे वाकून, कसाबसा त्याला गाठी. अशा चेंडूला जाळीखेरीज दुसरी गती नव्हती. म्हणजे इतकी वर्षे मी उजव्या हाताला शिक्षा देत आलो होतो आणि अपराध डाव्याचा होता. चोर सोडून संन्याशाला सुळी, म्हणतात ते हेच. का, तर चेंडूला शेवटचा स्पर्श उजव्याचा होतो आणि आवाज त्याचाच होतो. डावा आपले काम आधीच, निमूटपणे, बिघडवून बाजूला झालेला असतो.

मी घरात गेलो आणि एक चिंचोका शोधून आणला.

त्या दिवसापासून आम्हां दोघांची खरी शाळा सुरू झाली. चेंडू डाव्या तळव्यावर, छातीच्या उंचीवर धरायचा. बोटांनी झटका न देता सबंध हात खांद्यापासून उचलायचा आणि चेंडू सोडून द्यायचा. म्हणजे तो न फिरता वर जातो. फार उंच उडवण्याची हौस करू नये. उजवा हात पूर्ण ताणल्यावर जेथे पोचतो त्याच्या थोडा वर गेला की पुरे. तो पडू दिला तर चिंचोक्यावर पडावा. हे साधले की, बाकीचे आश्चर्यकारक रीतीने सोपे होते. तळहाताच्या मनगटाजवळच्या टणक भागाने चेंडूच्या बरोबर मध्यावर एक नेमका ठोका द्यायचा आणि हात तेथेच आवरायचा. असा चेंडू स्वतःभोवती न फिरता जातो, आणि त्याची गंमत पाहण्यासारखी असते. हवेचा प्रवाह त्याच्या पाठीमागे एकसारखा सुटत नाही, कधी या बाजूने तर कधी त्या बाजूने लवकर सुटतो. त्यामुळे चेंडू वाटेत डुलतो, आणि घेणाऱ्याला शेवटपर्यंत त्याचा भरवसा वाटत नाही. याउलट बोटांनी वरून घासून चेंडूला पुढची फिरकी दिली, तर तो जाळी ओलांडताच झपकन खाली उतरतो. पण फिरकी असो वा नसो, ती डाव्या हाताने सरळ उडवलेल्या चेंडूलाच देता येते. नातीला हे आठ दिवसांत उमगले. तिचा दहांतला आठवा चेंडू दोरीपलीकडे पडू लागला. मला तीन आठवडे लागले. इतक्या वर्षांची मुरलेली चूक उपटण्यास तेवढा अवधी लागणारच.

पण त्या तीन आठवड्यांत माझे चित्त चेंडूवर राहीना. चिंचोक्याकडे पाहत चेंडू उडवताना एकच विचार पुनःपुन्हा मनात येई. अपराध शेवटच्या हाताचा नव्हता, आधीच्या हाताचा होता, हे मला माझ्या दोन हातांविषयी कळायला सेहेचाळीस वर्षे लागली. पण आम्हां दोन मुलांविषयी हे मला त्याच सायंकाळी ठाऊक होते. तेथे चित्रपटाची गरज नव्हती.

नोव्हेंबरच्या अखेरीस मी सांगलीला गेलो. टपाल नोकरीतून निवृत्त होऊन तेथे राहतो, एवढे मला ठाऊक होते. केस पांढरे झाले आहेत, पण अंगलट तीच. वहिनींनी चहा आणला. मुलांच्या नोकऱ्या, गुडघ्यांची दुखणी, असे बोलणे झाल्यावर मी एकदम म्हणालो, "तो सामना मी घालवला होता. तू नाहीस. मी तेव्हाच बोलायला हवं होतं."

तो बराच वेळ कपाकडे पाहत राहिला. मग शांतपणे म्हणाला, "त्या सामन्यानंतर मी सहा महिने रोज पहाटे घाटावर जात होतो. देवळामागच्या भिंतीवर चेंडू मारायचा आणि परत येईल तो घ्यायचा. पहिल्या पावसापर्यंत हात चांगला बसला होता. मग मैदानावर आलो, तर माझ्या जागेवर दुसरा मुलगा होता. कप्तान तूच होतास."

मला काही उत्तर सुचले नाही. त्याने खेळ सोडला, असे मी जन्मभर सांगत आलो होतो.

"आज सांगितलंस ते बरं केलंस," तो पुढे म्हणाला. "पण तेव्हा बोलला असतास तर मला आणखी एक वर्ष खेळायला मिळालं असतं."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला थोडे हलके वाटले असते. तो नुसता एक हिशेब सांगत होता, आणि तोही बिनचूक होता. निघताना त्याने माझ्या नातीची चौकशी केली. तिची सर्व्हिस आता पलीकडे जाते हे ऐकून त्याने मान डोलावली आणि म्हणाला, "सर्व्हिस तू शिकवलीस, ठीक. पण चेंडू घ्यायला कोण शिकवतंय तिला? सुटीत पाठव इकडे." ही क्षमा होती, की चांगला चेंडू घेणाऱ्याची जुनी सवय, हे मला अद्याप कळलेले नाही. ते विचारण्याचा अधिकार मला आहे असेही वाटत नाही.

गेल्या महिन्यात नातीचा सामना पाहिला. एका अटीतटीच्या क्षणी तिची सर्व्हिस बाहेर गेली. क्षणभर मी श्वास रोखून धरला. आभाळ निरभ्र होते, पण वारा खरोखरच थोडा सुटला होता. तिने हात वर केला, "माझी चूक" असे आपल्या गड्यांना सांगितले आणि ती पुढच्या चेंडूसाठी वाकून उभी राहिली. एवढ्याने काम भागले. शेजारच्या मुलीने तिच्या पाठीवर थाप मारली आणि खेळ पुढे चालू झाला. त्या चार अक्षरांना किती थोडा वेळ लागतो हे मी प्रथमच पाहत होतो.

मी अजूनही सायंकाळी घरामागे जातो. दोरी आता सोडली आहे. मी नुसता चेंडू उडवतो आणि खाली पडू देतो. शेजारची मुले कुंपणावरून पाहतात आणि त्यांना कोडे पडते. परवा त्यांतल्या एकाने विचारलेच, "आजोबा, तुम्ही चेंडू मारत का नाही?"

"अजून उडवायला शिकतो आहे," मी म्हणालो, आणि चिंचोका पावलापुढे नीट ठेवला.